नळी मोकळी असावी

१५ ऑक्टोबर १९८६

मी, बद्रीनाथ काकासाहेब शेजूळ, वय चौपन्न, बी.कॉम., येथील एका सहकारी खरेदी-विक्री संघाचा मुख्य लेखापाल, राहणार क्रांती चौकामागील गल्ली, औरंगाबाद, आजपासून ही दैनंदिनी लिहीत आहे. माझी पत्नी सौ. चतुराबाई हिला आज दवाखान्यातून घरी आणले. तिच्या मूत्राशयात बसवलेली रबरी नळी व तिला जोडलेली पिशवी यांची देखभाल यापुढे घरी करावयाची आहे. त्या देखभालीची विश्वसनीय नोंद राहावी आणि काही चूक झाल्यास दोष कोणाचा हे निश्चित करता यावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

असे लिहिण्यास कारण आहे. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात सौ.चे गर्भाशय काढले. त्या वेळी मूत्राशयाला इजा झाली आणि आत एक भोक राहिले. तेव्हापासून तिची लघवी थांबत नसे. बसता, उठता, निजता, अखंड झिरपत राही. त्या दवाखान्यात विचारणा केली असता कोणी काय केले आणि काय करावयाचे राहिले, याची एक ओळही कोणाकडे निघाली नाही. डॉक्टरांनी दाईकडे बोट दाखवले, दाईने दैवाकडे.

गेल्या आठवड्यात येथील मोठ्या दवाखान्यात ते भोक टाके घालून बंद केले. डॉक्टरबाई बोलण्यास कडक, परंतु स्पष्ट आहेत. त्यांनी मला समोर बसवून सांगितले, ते जसेच्या तसे उतरवून ठेवतो. टाके धरेपर्यंत मूत्राशय रिकामे राहिले पाहिजे. ते फुगले की टाके उसवतील. म्हणून नळी सदैव मोकळी असावी. ती दुमडू नये, अंगाखाली दबू नये, कोणत्याही कारणाने बंद करू नये. पिशवी खाटेपेक्षा खाली टांगावी. पाणी भरपूर पाजावे. अखेरीस त्या म्हणाल्या, "शेजूळसाहेब, ही संधी चांगली आहे. ही गेली, तर पुढची मला देता येईल असं मी म्हणणार नाही."

मी म्हटले, "नियम मोडणे माझ्या स्वभावात नाही."

३० तारखेस तपासणीसाठी बोलावले आहे. टाके धरले असल्यास नळी त्याच दिवशी निघेल.

१६ ऑक्टोबर

सौ.ची खाट मधल्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी लावली आहे. दोन वर्षे ती मागच्या खोलीत, मेणकापडावर निजत असे. तो तिचाच आग्रह होता. मी विरोध केला नाही, हेही नमूद करतो.

सकाळी मी पिशवी रिकामी करण्यास वाकलो, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मग तशीच म्हणाली, "अहो, जरा चादरीला हात लावून बघा."

"का?"

"बघा तर."

मी तिच्या पाठीखालील चादरीवर हात ठेवून पाहिला. चादर कोरडी होती. नळी असता कोरडीच राहणार, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ते मला बी कळतं. पर हात लावल्याबिगर इस्वास नाय बसत."

मदतीसाठी तिची थोरली बहीण भागूबाई फर्दापुराहून आली आहे. तेथे लेणी पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांसाठी तिचे चहा-भज्यांचे दुकान आहे. तोंडाळ आहे, परंतु कामास चांगली. पिशवी पाहून म्हणाली, "आमच्याकडं गोरे लोक येतात त्यांच्या पाठीवर बी अशाच पिशव्या असतात. त्यांच्यात पानी, तुझ्यात बी पानी. तू बी टूरिस्टच झाली चतुरा."

सौ. हसली. टाके ओढतील म्हणून मी दोघींना समज दिली.

नळी निघाल्यावर काय करावयाचे, हेही सौ.ने ठरवले आहे. फर्दापूरच्या एस.टी.त खिडकीच्या शिटावर बसून बहिणीकडे जावयाचे. दोन वर्षांत ती एस.टी.त बसलेली नाही.

१७ ऑक्टोबर

पिशवी आणि नळीच्या जोडाशी एक थेंब जमतो, असे आढळले. क्रांती चौकातील औषधाच्या दुकानातून नवी पिशवी आणली. दुकानदाराने भर गिऱ्हाइकांत विचारले, "साहेब, पेशाबची थैली आपको लगती क्या घर में किसी को?"

मी म्हटले, "कागदात गुंडाळून द्या. दोनदा गुंडाळा."

"अहो बीमारी हाय, चोरी थोडीच हाय," तो म्हणाला. गुंडाळून मात्र एकदाच दिली.

१८ ऑक्टोबर

आज दौलताबादहून चिठ्ठी आली. चुलते नानासाहेब उद्या, रविवारी, सौ.च्या समाचारास येत आहेत.

या भेटीचे महत्त्व काय ते लिहिणे प्राप्त आहे. आम्हा शेजूळ भाऊबंदांची दौलताबादेस सीताफळांची सामाईक बाग आहे. दिवाळीच्या पाडव्यास सर्व भाऊबंद एकत्र बसतात, वर्षाचे मतभेद मिटवतात आणि एका पंक्तीला जेवतात. ही बैठक अनेक वर्षे माझ्या घरी होत असे. घराण्यातील पहिला पदवीधर मी. पोलीस ॲक्शनच्या वर्षी मी उर्दूतून मॅट्रिक झालो आणि पुढे वाणिज्याची पदवी घेतली. बैठकीत मी लिहीन तो शब्द कायम, अशी रीत होती.

दोन वर्षांपूर्वी नानासाहेबांनी बैठक दौलताबादेस नेली. "शहरात यायचं सगळ्यांना लांब पडतं," एवढेच कारण दिले. खरे कारण कोणी बोलले नाही. त्याच वर्षी दसऱ्यास माझ्या चुलतभावाच्या बायकोने आमच्या घरी पाणी घेतले नाही आणि नाकाला पदर लावून ती ओसरीतच बसून राहिली, हे मी पाहिले होते. सौ.नेही पाहिले होते. आम्हांस अपत्य नाही. बैठक गेली तेव्हा घर फार मोठे वाटू लागले.

निरोपात शब्द असे होते: "सूनबाईला बघतो, मग पाडव्याचं ठरवू."

सौ.ला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचावयास लावले. मग म्हणाली, "त्यांना पानी मीच देईन."

१९ ऑक्टोबर

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सकाळीच एक प्रश्न उभा राहिला. नानासाहेब सौ.चे चुलत सासरे. त्यांच्यासमोर तिने डोक्यावर पदर घेऊन, उभे राहूनच वावरावयाचे ही घराण्याची रीत. ती खाटेवर पडून राहिली असती तर आजारी सून पाहून ते परत गेले असते. हिंडताफिरताना पिशवी लुगड्याआड टांगून पाहिली. ती डुलते आणि चालताना दिसते. शिवाय नव्या पिशवीच्या जोडाशीही थेंब येतो. तो थेंब नानासाहेबांसमोर फरशीवर पडला असता, तर दोन वर्षे जे लोक मागे बोलत होते ते सिद्ध झाले असते.

यावर उपाय एकच होता: पिशवी काढून ठेवणे, नळीचे टोक दुमडून बांधणे आणि ते कमरेशी खोचणे. नियमाचा भंग होत आहे याची मला पूर्ण जाणीव होती. परंतु नियम टाके सांभाळण्यासाठी आहे, आणि अल्प काळाने टाक्यांना बाधा येईल असे मला वाटले नाही. नानासाहेब चहा घेऊन निघतील, असा माझा अंदाज होता.

बांधण्यासाठी मी कचेरीची फायलीची नाडी घेतली. ती मऊ असते आणि सुटत नाही.

भागूबाई दारात उभी राहिली. "दाजी, डाक्टरीन काय म्हनली व्हती? मोकळी ठिवा म्हनली ना? मंग गाठ कशाला मारताय?"

"थोडा वेळच, आक्का."

"थोडा येळ! नानासाहेब काय थोडा येळ बसनारा मानूस हाय? ते बसले की त्यांच्याखालची सतरंजी विरती, तवा उठत्यात. तुमची इज्जत म्हंजी काय पाटाचं पानी हाय, बांध घालून अडवायला?"

मी काही बोलण्याआधी सौ. म्हणाली, "आक्का, तू गप. बांधू दे त्यांना." आणि मला म्हणाली, "घट बांधा. सुटली म्हंजी इचका व्हईल."

मी घट्ट बांधली.

नानासाहेब आले. सोबत सीताफळांची पाटी होती. बैठकीत तक्क्याशी बसले, पगडी काढून ठेवली आणि सर्व घराकडे एकवार पाहिले. सौ. हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन आली. तांब्या-भांडे खाली ठेवून तिने त्यांच्या पायांना हात लावला. वाकताना तिने एका हाताने भिंतीचा आधार घेतला होता, एवढेच. नानासाहेबांनी भांडे उचलले आणि पाणी पूर्ण प्यायले.

"गार हाय," ते म्हणाले. "अजून आन पोरी."

तिने आणखी आणले. तेही त्यांनी प्यायले. मला त्या क्षणी जे वाटले ते शब्दांत मांडणे कठीण आहे.

ते म्हणाले, "बद्री, घर कसं खुल्लं वाटतंय."

"आपली कृपा, नाना."

"माझी कशाची किरपा? माझी किरपा असती तर दोन साल पाडवा तिकडं झाला असता व्हय?" असे म्हणून ते स्वतःच हसले.

मग चहा झाला. त्यांना घेऊन आलेली जीप दुरुस्तीस गेली होती, त्यामुळे ते थांबले. बागेच्या कुंपणाचा विषय निघाला, तो फकिरा शेजूळच्या वाटणीवर गेला, तेथून निजामाच्या काळातील एका मुकादमावर. त्यांनी दुसरा चहा मागितला. सौ.ने तोही आणला. रीतीप्रमाणे ती दारापाशी उभीच होती. कपाळावर घाम होता; ऑक्टोबरचा उकाडा आहे. एकदा तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, तीही माझ्याइतकीच समाधानी आहे.

भागूबाईने आतून दोनदा हाक मारली, "चतुरा, दूध उतू चाललंय!" सौ. हलली नाही. नानासाहेब बोलत असता मधूनच निघून जाणे तिच्या शिस्तीत बसत नाही. मुकादमाची गोष्ट संपत आली तेव्हा ते म्हणाले, "उभी काऊन ऱ्हायली पोरी? जा आत." तरी ती त्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबली.

जाताना ते उंबऱ्यात म्हणाले, "पाडवा इथंच. कळव सगळ्यांना."

मी आत गेलो. भागूबाईने गाठ सोडण्याचा प्रयत्न केला होता, परंतु ती सुटत नव्हती. मीच सोडली. सौ. पोट दाबून खाटेवर बसली होती. नळी मोकळी होताच फार जोराने लघवी आली. रंग तांबूस होता. सौ.ने डोळे मिटले आणि विचारले, "नानांनी दोनदा पानी घेतलं. बघितलं ना तुमी?"

"पाहिले."

"झालं मंग," ती म्हणाली.

२० ऑक्टोबर

पाडव्याचे निमंत्रण सर्व भाऊबंदांना पोस्टकार्डाने धाडले. सौ.ची प्रकृती ठीक. पोटात दुखते म्हणाली. दिवसभर उभे राहण्याची सवय गेल्याने असावे. लघवीचा रंग संध्याकाळपर्यंत निवळला.

भागूबाई माझ्याशी बोलत नाही. वाढताना ताट जरा जोराने ठेवते.

२३ ऑक्टोबर

पिशवीत लघवी पूर्वीपेक्षा बरीच कमी जमा होते. सौ. पाणी पीत नसावी. या स्त्रियांची ही जुनी खोड आहे: बाहेर सोय नसते म्हणून घरातून निघतानाच पाणी टाळावयाचे. मी तिला डॉक्टरबाईंच्या सूचनेची आठवण करून दिली आणि आवाज चढवला.

"पिते की," ती म्हणाली. "तांबे रिकामे दिसत न्हाईत का?"

"मग जाते कुठे?"

यावर तिने समोरच तांब्या उचलून एका दमात रिकामा केला आणि पालथा घालून दाखवला.

२५ ऑक्टोबर

घरात दिवाळीची झाडलोट सुरू झाली आहे. भागूबाईचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे. मी उठण्यापूर्वीच चादरी, गोधड्या धुऊन दोरीवर पडलेल्या असतात. काल धुतलेल्या चादरी आज पुन्हा धुतल्या, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "दिवाळी हाय. तुमचे भाऊबंद बसनार न्हाई का वर? स्वच्छ नको?" म्हणजे आता बोलू लागली, हे बरे झाले.

सकाळ-संध्याकाळ ऊद जाळतात. पूर्वी ही पद्धत नव्हती. सणाचे वातावरण वाटते.

२७ ऑक्टोबर

सौ.ने खाट पुन्हा मागच्या खोलीत हलवण्यास सांगितले. कारण दिले की, पाडव्यासाठी मधली खोली रिकामी लागेल आणि रस्त्यावरील आवाजाने झोप येत नाही. पहिले कारण रास्त वाटले. खाट हलवली.

मागच्या दोरीवर मेणकापड वाळत होते. विचारले असता भागूबाई म्हणाली, "पावसाळ्यात कुबट झालं व्हतं. ऊन देते." ते कापड आता कामाचे नाही, कोणास तरी देऊन टाकावे, असे मी सुचवले.

"द्या की," सौ. म्हणाली. "पाडवा झाल्यावर द्या."

मी पिशवी रिकामी करण्यास गेलो तर तिने करू दिली नाही. आजपासून आक्का करील म्हणाली. पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतले होते. तिच्या हाताला हात लागला. अंगात थोडी कसर असावी असे वाटले. तीन दिवसांनी तपासणी आहेच.

जाण्यास वळलो तेव्हा म्हणाली, "अहो, चादरीला हात लावून बघा असं मी म्हनले व्हते, त्या दिवशी तुमी लावला व्हता ना?"

"हो."

"कोरडी व्हती ना?"

"पूर्ण कोरडी होती."

"तुमी सांगितलं म्हंजी खरं," ती म्हणाली.

हे विचारण्याचे प्रयोजन कळले नाही.

३० ऑक्टोबर

लिहिणे भाग आहे.

डॉक्टरबाईंनी तपासणीच्या खोलीत नळीतून निळे औषध सोडले. मी पडद्याबाहेर उभा होतो. आत ठेवलेला कापूस बाहेर काढला तेव्हा तो निळा झालेला होता. डॉक्टरबाईंनी तो ट्रेमध्ये ठेवून मला आत बोलावले आणि दाखवला. म्हणाल्या, टाके उसवले आहेत. भोक पूर्वीपेक्षा मोठे आहे. हे आजचे नाही, काही दिवसांपूर्वीचे असावे. मग त्यांनी सौ.च्या मांड्यांवरील कातडीकडे पाहून तिला विचारले, "कधीपासून ओलं होतंय?"

सौ. म्हणाली, "दसरा झाल्यावर आठ-धा दिवसांपासून."

म्हणजे तिला माहीत होते. भागूबाईलाही. चादरी दिवाळीच्या नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "नळी कधी बंद झाली होती? दुमडली, तुंबली, कोणी बांधली?"

मी उत्तर देणार होतो. काय देणार होतो, ते आता सांगता येत नाही, परंतु उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले होते हे निश्चित. तेवढ्यात सौ. खाटेवरून म्हणाली, "मीच झोपंत अंगाखाली घेतली बाई. रातभर दबली. सकाळी ध्यानात आलं. यांना म्या सांगितलं बी न्हाई."

"अहो, इतकं समजावून सांगितलं होतं तुम्हाला!"

"चुकलं बाई माझं."

डॉक्टरबाई चिडल्या. चिडणे स्वाभाविक होते. कागदावर त्यांनी तसे लिहिले. पुन्हा शस्त्रक्रिया करता येईल का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "आत आता धरण्यासारखं फार काही उरलेलं नाही. मी करणार नाही. दुसरीकडे विचारायचं तर विचारा. खोटी आशा मी देत नाही." नळी काढली. ज्या नळीच्या निघण्याची आम्ही वाट पाहत होतो, ती अशी निघाली.

रिक्षात बसताना भागूबाईने आधी मेणकापड अंथरले. तिने ते पिशवीत घालून आणले होते.

घरी आल्यावर मी सौ.ला विचारले, "तू तसे का सांगितलेस?"

ती म्हणाली, "तुमाला कागदावर खोटं लिवता येत न्हाई. मला लिवताच येत न्हाई. मंग मीच बोलावं, त्यात कागद न्हाई."

"परंतु ते खरे नाही."

"असू द्या. पाडवा तोंडावर हाय."

१ नोव्हेंबर

सौ. आज बहिणीसोबत फर्दापुरास गेली.

बैठक रद्द करावी, असे मी म्हटले होते. मी किती ठामपणे म्हटले, याविषयी मला आता खात्री नाही. ती म्हणाली, "कार्डं गेली, नाना बोलले. मी इथं नसल्यावर घराला काय व्हतंय? भाऊबीजेला बहिनीकडं गेली म्हना."

"भाऊबीजेला बहिणीकडे कोण जाते?"

"तुमचे भाऊबंद तेवढं इचारनार न्हाईत."

मी एस.टी.चे आरक्षण करून देतो म्हणालो. खिडकीचे शीट मागता आले असते. ती हसली. "शिटावर कोन बसंल माझ्या बाजूला?" फर्दापूरच्या हॉटेलांसाठी माल नेणारा एक टेंपो भागूबाईच्या ओळखीचा होता. सौ. मागच्या बाजूला, कांद्याच्या पोत्यांवर मेणकापड टाकून बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला, जणू नानासाहेबच समोर होते.

भागूबाई चढण्यापूर्वी माझ्याजवळ आली. मला वाटले, काही कठोर बोलेल. ती म्हणाली, "मागच्या खोलीत चुना मारून घ्या दाजी. भिंतीनं वास धरलाय. तुमच्या बैठकीला नको."

"परत केव्हा येणार?"

"नळी मोकळी व्हती तवा इचारायचं व्हतं ते," ती म्हणाली आणि चढली.

३ नोव्हेंबर, पाडवा

बैठक यथासांग पार पडली. सर्व भाऊबंद आले. मागील खोलीला चुना दिला होता. माझ्या चुलतभावाच्या बायकोने या वेळी पाणी घेतले.

नानासाहेबांनी विचारले, "सूनबाई कुठं?"

"माहेरच्या माणसांकडे गेली आहे. फर्दापुरास."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. त्यांना सर्व कळले असावे, असे मला वाटले. मग ते म्हणाले, "बरं केलं," आणि पाण्याचे भांडे उचलले. पाणी मीच दिले होते.

पंक्तीत सीताफळे वाटली. फकिराने त्याच्या वाटणीचा हट्ट सोडला. मी ठराव लिहिले. सर्वांनी सह्या केल्या. कागद एकत्र बांधण्यासाठी टेबलाचा खण उघडला, तर त्यात ती फायलीची नाडी होती. सौ.ने जाण्यापूर्वी ती साबणाने धुऊन, वाळवून, बोटाभोवती गुंडाळून जागच्या जागी ठेवली होती. खणात दुसरी नाडी नव्हती. लोक खोळंबले होते. ठराव मी तिनेच बांधले.

९ नोव्हेंबर

टेंपोवाल्याकडून फर्दापूरचा निरोप आला. सौ. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते. भजी तळण्यास बसत नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. भांडी घासते, कारण तेथे सगळे ओलेच असते. मी न्यायला येऊ नये, असे कळवले आहे. टेंपोवाल्यास मी विचारले, "त्या काही बोलल्या का?" तो म्हणाला, "त्यांनी इचारलं, पाडव्याला नाना पानी पेले का."

प्यायले, असे त्याच्याजवळ सांगून पाठवले.

ही दैनंदिनी येथे बंद करतो. तिचा हेतू आरंभी नमूद केला आहे. शस्त्रक्रिया अयशस्वी झाली. कारण, नळी अडली. ती रात्री अंगाखाली दबली, असा सौ. चतुराबाई हिचा जबाब दवाखान्याच्या कागदावर आहे. १९ ऑक्टोबरची नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे आणि ती या जबाबाशी जुळत नाही. ते पान काढून टाकण्याचा विचार आज सकाळी मनात येऊन गेला. नोकरीत मी कधी पान फाडलेले नाही, खाडाखोड केलेली नाही. दोन्ही नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्यांतील कोणती कायम धरावी, हे लिहिण्यास मी आज दिवसभर टेबलाशी बसलो होतो आणि लिहू शकलो नाही.

संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन आलो. खाटेला, फरशीला, भिंतीला हात लावून पाहिला.

घर पूर्णपणे कोरडे आहे.

(सही)
बद्रीनाथ काकासाहेब शेजूळ
औरंगाबाद
दिनांक ९ नोव्हेंबर १९८६